‘येतो’ नावाचं बटण

आमच्या घरात ‘जातो’ हा शब्द उच्चारायची कोणाची टाप नव्हती. बाजाराला निघालेली आई ‘येते हं’ म्हणायची, कॉलेजला निघालेली मी ‘येते’ म्हणायची, आणि सिलिंडर टेकवून परत फिरणारा गॅसवाला चुकून ‘जातो’ म्हणाला, तर आत्या त्याला फाटकापासून मागे बोलवायची आणि ‘येतो म्हण’ असं वदवून घेऊन मगच सोडायची. तो बिचारा टेम्पोचं इंजिन चालू ठेवून आलेला असायचा. ही पद्धत सगळीकडेच आहे, हे मला ठाऊक आहे. पण इतर घरांत ती सवय असते, आमच्याकडे तो कायदा होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा तिचे यजमान पहाटे होडी घेऊन समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत. होडी नाही, जाळं नाही, माणूस नाही. आत्या माहेरी आली ती कायमची. वाडीत असं बोललं जायचं की त्या पहाटे ते ‘जातो’ म्हणून निघाले होते. हे ऐकलेलं कोणीच नव्हतं, पण माहीत मात्र सगळ्यांना होतं.

आमचं घर काळबादेवीला, माडांच्या बागेच्या टोकाला, जिथून पुढे समुद्रकाठच्या वाळूची पुळणच सुरू होते. घराला जाग यायची ती आवाजांनी. आधी आईची भाकरी थापल्याची थपथप, मग चहाच्या भांड्यावर गाळणी आपटल्याचा आवाज, मग बाबांचं खोकणं. रात्रीचं बांगड्याचं तिखलं भाकरीबरोबर डब्यात जायचं आणि त्याचा वास सगळ्या माजघरात घुटमळत राहायचा. बाबा पायरीवर उभं राहून ‘येतंय गो’ म्हणत. ते आईला म्हणत की आत्याला, हे कधी कळलं नाही. दोघीही ‘हां’ म्हणत. मग बराच वेळ काही नाही, आणि मग पाण्यावरून होडीच्या इंजिनाची टुकटुक यायची. ती ऐकू यायची थांबेपर्यंत आत्या अंगणात उभी असायची. हात मात्र रिकामे नसत, उगाच झाडू फिरवत असायची.

त्या साली एक गोष्ट बदलली होती. बाबांबरोबर होडीवर कायम बाळाकाका असायचे. ते गोव्याला मोठ्या ट्रॉलरवर कामाला लागले आणि बाबा एकटेच जाऊ लागले. दुसरा माणूस मिळेना. ज्याला त्याला मुंबई नाहीतर मस्कत हवं होतं. आईच्या भाकऱ्या करपायला लागल्या. समुद्रावर एकटा गेलेला माणूस आजारी पडला, पाय घसरला, इंजिन बंद पडलं, तर कळणार कोणाला, हा प्रश्न आमच्या घरात जेवायला बसल्यासारखा रोज हजर असायचा आणि त्याचं नाव कोणी काढत नसे.

मी तेव्हा रत्नागिरीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. करत होते म्हणजे एसटीने जात होते, बाकावर बसत होते आणि फळ्यावरचं उतरवून घेत होते. समजण्याच्या नावाने आनंदच होता. आमच्या सरांनी एक दिवस सांगितलं की नुसत्या परीक्षा देऊन काही व्हायचं नाही, कुठल्या तरी ओपन सोर्स प्रकल्पात काम करा. हे काय असतं, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याने माझा गोंधळ होता त्याच्या दुप्पट झाला. अ‍ॅपचा सगळा कोड म्हणे उघड्यावर ठेवलेला असतो. कोणीही तो आपल्याकडे उतरवून घ्यायचा, त्यात बदल करायचा, आणि मूळ मंडळींना विनंती करायची की माझा बदल तुमच्यात घ्या. पैसे कोणी देत नाही, मालक कोणी नाही, आणि तरीही जगभरातली माणसं ते करतात. मला ते पटलं तेव्हा शिमग्याची पालखी डोळ्यांसमोर आली. खांदा कोणीही द्यावा, पण पालखी कुठे वळायची ते मानकरी ठरवणार. त्या मानकऱ्यांना तिकडे मेंटेनर म्हणतात, एवढं मी वहीत लिहिलं आणि घरी आले.

शोधता शोधता एक अ‍ॅप सापडलं. त्याच्या चित्रात एक छोटी होडी होती म्हणून मी थांबले, दुसरं काही कारण नाही. नाव कुठल्याशा थंड देशाच्या भाषेतलं होतं आणि मला ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. समुद्रावर, डोंगरात एकटं जाणाऱ्या माणसांसाठी ते केलेलं होतं. दोनच मोठी बटणं. निघताना एक दाबायचं, परतल्यावर दुसरं. दाबलं की घरच्या माणसाच्या फोनवर तोच शब्द मेसेज म्हणून जायचा. मी ते बाबांच्या फोनवर टाकलं आणि भाषा मराठी केली. मराठी कोणा माणसाने केलेली नव्हती, यंत्राने केलेली होती. इंग्रजीत ‘निघतोय’ अशा अर्थाचा जो शब्द होता, त्याचं ‘सोडत आहे’ झालं होतं. आणि ‘परतलो’ या अर्थाचा जो शब्द होता, त्याचं झालं होतं ‘पाठ’.

बाबांनी चष्मा पुसून दोन्ही बटणं वाचली. ‘सोडत आहे? काय सोडतंय मी? तंबाकू?’

‘ते निघताना दाबायचं, बाबा.’

‘आनि ह्ये पाठ? पाठ धरली का दाबायचं काय?’

आत्या हसून हसून खोकायला लागली. मलाही हसू आलं, पण मनात म्हटलं, हेच आपलं काम. इंजिन दुरुस्त करायची अक्कल आपल्याला नाही, पण पाटी तरी रंगवता येईल. निघतानाच्या बटणावर काय लिहायचं, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. माणूस निघताना काय म्हणतो? ‘येतो’ म्हणतो. आणि परतल्यावर ‘आलो’ म्हणतो. मी दोन्ही शब्द फाइलमध्ये लिहिले आणि विनंती पाठवली. मेंटेनरचं नाव एस्पेन होतं. शेवट असा हळुवार, म्हणून ती बाई असणार असं मी ठरवलं आणि ‘आदरणीय मॅडम’ अशी इंग्रजीत सुरुवात करून, नमनाला घडाभर तेल घालत, माझ्या कॉलेजचं नाव, वर्ष, रोल नंबर सगळं लिहिलं. दोन शब्दांच्या बदलासाठी.

एस्पेनचं उत्तर आलं. मॅडम या गोष्टीबद्दल अक्षर नव्हतं. एवढंच विचारलं होतं की, मी तुझा शब्द यंत्राला उलटा विचारला, त्याचा अर्थ ‘मी येत आहे’ असा निघतो. पण हे बटण तर जाण्याचं आहे, चूक झाली का? मी उत्तर लिहिलं की चूक नाही, आमच्याकडे जाताना येतो म्हणतात. एस्पेनने विचारलं, मग येताना काय म्हणतात? मी लिहिलं, येतानाही येतो म्हणतात. ते लिहिल्यावर मी स्वतःच स्क्रीनकडे बघत बसले. जन्मभर जे बोलत आलो, ते परक्याला सांगायला गेलं की किती येडपटासारखं दिसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेवटी एस्पेनने लिहिलं, ‘तुझी भाषा तुला माहीत,’ आणि खाली एल जी टी एम अशी चार इंग्रजी अक्षरं. त्या अक्षरांवर मी एक अख्खा दिवस घालवला. मला वाटलं, काहीतरी बिघाडाचा नंबर आहे. वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. एकीने स्वयंपाकाच्या गॅसशी संबंध जोडला. ‘मला ठीक वाटतंय’ एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तोपर्यंत माझा बदल मूळ कोडात जाऊनही बसला होता. त्याला मर्ज होणं म्हणतात.

मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले. ‘आत्या, माझा कोड मर्ज झाला.’

आत्याच्या हातातली सोललेली कोलंबी परत ताटात पडली. ‘कोड? कुठं उठलंय? दाखव बघू.’ तिने माझी बाही कोपरापर्यंत वर केली. ‘आनि मर्ज पन झाला म्हनतंस, नि वर हसतंस?’

आई भिंतीला टेकली. कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग नव्हेत आणि मर्ज म्हणजे दुखणं नव्हे, हे समजावण्यात माझी संध्याकाळ गेली. तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू एका डॉक्टरचा पत्ता घेऊन आल्याच. मी त्यांनाही समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पत्ता फ्रिजवर चिकटवून गेल्या.

बाबा रोज पायरीवरून ‘येतंय गो’ म्हणत आणि मग पुळणीवर जाऊन, होडी लोटायच्या आधी, अंगठ्याने ‘येतो’ दाबत. फोन प्लास्टिकच्या डब्यात घालून फळीखाली ठेवून देत. परतल्यावर ‘आलो’ मात्र त्यांनी कधीच दाबलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘घरात हुबा हाय ना मी. मग आलो कोनाला सांगू?’ आत्याला ते अ‍ॅप फार आवडलं. एवढ्या लांबच्या माणसाला योग्य शब्द ठेवायची बुद्धी झाली, याचं तिला कौतुक होतं. ‘तुझी ती एस्पेन चांगल्या घरातली दिसते,’ असं ती म्हणायची.

नारळीपौर्णिमा होऊन गेली होती. समुद्र शांत झाला होता आणि बाबांना बरी मासळी मिळत होती. मला सुट्टी होती. ऊन माडांच्या शेंड्यांवरून अंगणात उतरलं की बाबा येतात, हा आमच्या घरचा घड्याळाचा काटा. त्या दिवशी ऊन उतरलं, विहिरीपर्यंत गेलं, तरी बाबा आले नाहीत. आई दोनदा पुळणीवर जाऊन आली. मग शेजारच्या नामदेवकाकांकडे गेली. नामदेवकाका फार बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पाण्याचा कॅन उचलला आणि आपली होडी पाण्यात लोटली. आम्ही सगळे किनाऱ्यावर उभे होतो, आई मागे बांधावर चढून. काका गुडघाभर पाण्यात असताना आईच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिने वाचलं आणि मोठ्याने ओरडली, ‘भावजी, थांबा. आला मेसेज. येतो म्हनतायत.’

काकांनी होडी परत ओढली. ‘मंग भुकेजला आसंल. भात टाका वैनी,’ एवढं बोलून ते घरी गेले. आईने सुटलेला अंबाडा बांधला, नारळ फोडला, आमटीला वाटण काढलं. मी आईला इतकी बडबड करताना फार क्वचित पाहिलं आहे. ती बाबांना भेटल्या भेटल्या काय काय सुनावणार याची उजळणी करत होती. भात झाला. आमटी झाली. भातावरची वाफ गेली. आईने ताटावर ताट झाकलं आणि दारात जाऊन बसली.

मी आत लॅपटॉपसमोर बसले होते आणि काहीतरी मला टोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं. हल्लीच्या पोरांना सांगून पटत नाही की मेसेज वाटेत अडकून पडायचे. आमच्या पुळणीवर तर रेंज नावाचा प्रकारच नव्हता. मागे घराच्या बाजूला बांध चढला की एखादी काडी यायची. बाबा मेसेज पाठवत तो त्या पुळणीवरूनच. मग इतके दिवस तो आईला लगेच कसा मिळत होता? मिळत नव्हताच. होडी थोडी बाहेर गेली की मिळायचा. आईला तो भाकऱ्या आवरताना दिसायचा आणि त्यात वावगं काही वाटायचं नाही. म्हणजे मेसेज दाबल्या वेळी जात नाही. रेंज मिळाल्या वेळी जातो, आणि बाहेर ती हुकली तर पुढे मिळेपर्यंत अडकून राहतो.

आज सकाळी आईचा फोन वाजलाच नव्हता. मग दुपारी आलेला हा ‘येतो’ कधीचा?

मी कोड उघडला. ओळी डोळ्यांपुढून जात होत्या आणि एकही डोक्यात शिरत नव्हती. मेसेजमध्ये शब्द होता, वेळ कुठे दिसत नव्हती. का होती आणि मलाच सापडत नव्हती? मी एस्पेनला लिहिलं. बहुतेक तिकडे सकाळ असावी, कारण उत्तर लगेच आलं. रेंज नसेल तर संदेश फोनमध्ये थांबून राहतो, मिळाली की सुटतो, दाबल्याची वेळ त्यात नसते; का विचारतेस? मी आदरणीय वगैरे काही न लिहिता सांगितलं की माझे वडील समुद्रावर आहेत, एकटे, आणि ‘येतो’ असा मेसेज आलाय, आणि मला माहीत नाही की तो कुठला येतो आहे.

थोड्या वेळाने एकच ओळ आली. ‘म्हणजे दुपारी त्यांच्या फोनला रेंज मिळाली. तुमच्याकडे टॉवर कुठे कुठे आहेत?’

मी आईजवळ गेले. ते कसं सांगावं हे मला अजूनही सुचत नाही. ‘आई, तो मेसेज सकाळचा असेल.’

‘दुपारी आला तो सकाळचा कसा?’

‘निघतानाचा येतो. तो आत्ता पोचला.’

आईने फोन परत बघितला. तिथे तोच शब्द होता. मघाशी त्यात माणूस घरी येत होता, आता तोच माणूस पहाटे पायरीवरून उतरत होता. ‘मग ते आता कुठं हायत?’ तिने मला विचारलं, जणू ते बटण मी लिहिलं म्हणजे मला ठाऊक असणार. मी नामदेवकाकांकडे धावले. बाबांचा फोन लावला तर बंद लागत होता. मेसेज आला तेव्हा कोणी फोन करून पाहिलाच नव्हता, येतो म्हणालेल्या माणसाला कशाला फोन करायचा? काकांना मी टॉवरचं विचारलं. त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं. ‘वारा सकाळधरनं दक्षिनेकडनं हाय. इंजान बंद पडलं आसंल तर वर सरकला आसनार. पुळ्याला टॉवर हाय, त्या हॉटेलांच्या डोक्यावर.’ आणि मघाच्या कॅनसकट होडी पुन्हा पाण्यात घातली. या खेपेला ते सरळ बाहेर गेले नाहीत, किनारा धरून गणपतीपुळ्याकडे वळले.

आई देवापाशी बसली. मी आत्याच्या शेजारी पुळणीवर. ऊन कलायला लागलं होतं. मला रडू येत होतं, आणि ते कशाचं हेसुद्धा धड कळत नव्हतं. भीतीचं होतं, आणि रागाचंही होतं. त्या शब्दाचा मला राग आला होता. मी आत्याला म्हणाले, ‘सरळ जातो लिहिलं असतं तर? जातो वाचून कोणी परत फिरलं नसतं.’ बोलून गेल्यावर मी जीभ चावली. तिच्यासमोर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा काढला होता.

आत्या रागावली नाही. वाळूतलं एक शिंपलं उचलून ती त्याची माती काढत बसली. ‘लोक म्हनतात, ह्ये जातो म्हनून गेले,’ ती म्हणाली. आपल्या यजमानांचं नाव ती घेत नसे. ‘खोटं हाय ता. येतोच म्हनले व्हते. मी चुलीपाशी व्हते. मागं वळून दोनदा म्हनले.’

जन्मभर जो कायदा पाळला, त्याचा पायाच खोटा निघाला होता. ‘मग उपयोग काय त्या शब्दाचा? तू अख्ख्या गावाला कशाला म्हणायला लावतेस?’

‘समुद्राला काय मराठी कळतंय?’ आत्या म्हणाली. ‘शब्द जानाऱ्यासाठी नसतोय, बाय. मागं ऱ्हातंय त्याच्यासाठी असतोय. येतो म्हनलेल्या मानसाची वाट बघता येते. जातो म्हनलेल्याची कशी बघनार?’

ती अजून वाट बघत होती की काय? मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. आज असंही वाटतं की बरं झालं नाही विचारलं. तो शब्द म्हणजे तिच्यावर केवढे मोठे उपकार होते की केवढा मोठा जाच, हे मला तेव्हा कळलं नाही. आता माझे केस तिच्यापेक्षा पांढरे झाले आहेत, तरी मी तिथेच आहे.

सूर्य पाण्याला टेकायच्या बेताला आला तेव्हा उत्तरेकडून, आरे-वारेच्या बाजूने, नामदेवकाकांची होडी दिसली. मागे दोराला बांधलेली दुसरी होडी. तिच्यात एक माणूस बसला होता आणि तो डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडून पाणी पिळत होता. आई घरातून धावत आली ती पाण्यात कमरेपर्यंत गेली. आत्या जागची हलली नाही. तिने फक्त हातातलं शिंपलं टाकून दिलं.

बाबा उतरले ते पुळणीवरची गर्दी बघून बिचकले. ‘काय गो? कोन गेलं?’

‘कोनी नाय,’ आई म्हणाली आणि त्यांच्या दंडावर दोन फटके मारले. सगळ्या वाडीसमोर.

कुठलंसं वाहून आलेलं जाळं इंजिनाच्या पंख्यात गुंतलं होतं. ते कापता कापता सुरी निसटून पाण्यात गेली, मग दातांनी, नखांनी. तोवर होडी वर सरकत सरकत पुळ्याच्या समोर गेली आणि तिथे त्यांनी नांगर टाकला; फोन काढून बघितला तेव्हा तो बंद पडलेला होता. आम्ही काय काय समजलो ते मी त्यांना सांगितलं, तर त्यांना माझंच काही कळेना. ‘मेसेज? दुपारी? दुपारी माजे दोन्ही हात पंख्यात व्हते. मी सकाळीच सांगितलंय ना येतो म्हनून. मंग आलंय की.’ गार भात आणि पुन्हा गरम केलेली आमटी आम्ही सगळ्यांनी एकत्र जेवलो, नामदेवकाकांसह. आत्याने त्या दिवशी दोनदा भात घेतला.

एस्पेनला मी कळवलं. त्याने (माझ्या लेखी ती तेव्हा अजून बाईच होती) आनंद व्यक्त केला आणि लगेच मुद्द्यावर आला: तो शब्द आपल्याला बदलावा लागेल. मला ते बरोबरही वाटत होतं आणि मुळीच मान्यही नव्हतं. ‘जाऊन येतो’ असं सुचवून पाहिलं, सगळेच म्हणतात तसं. पण बाबांच्या स्वस्तातल्या फोनवर बटणात ते मावेना. शेवटचा शब्द कापला जाऊन नुसतं ‘जाऊन’ उरायचं. आत्याने ते बघितलं आणि फोन पालथा घालून ठेवला. ‘निघालो’ लिहिलं, तर बाबा म्हणाले की कुठून निघालो ते कसं कळणार, घरातून का समुद्रातून? म्हणजे परत तिथेच. कशात काय नि फाटक्यात पाय.

अखेर मी शब्दाला हातच लावला नाही. मेसेजसोबत दाबल्याची वेळ जावी, एवढा बदल मी स्वतः कोडात केला. आयुष्यात पहिल्यांदा पाटी न रंगवता इंजिनात हात घातला. एस्पेनने तो परत पाठवला. मी सुधारला, त्याने पुन्हा परत पाठवला. एकदा तर एक ओळ चार जागा आत हवी म्हणून परत आला आणि मी लॅपटॉप बंद करून माडाखाली जाऊन बसले. पण तो चिडत नव्हता, प्रत्येक वेळी का ते सांगत होता, आणि हळूहळू मला माझाच कोड कळायला लागला. नंतर कळलं की एस्पेन हे पुरुषाचं नाव आहे. मी माफी मागितली, तर त्याने लिहिलं की इतक्या आदराने त्याच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं, म्हणून त्याने दुरुस्त केलं नाही. मग एके दिवशी ती चार अक्षरं पुन्हा आली. या खेपेला ‘मर्ज’ झाल्याचं मी घरात सांगितलं नाही.

फाइलमध्ये त्या शब्दाच्या डोक्यावर मी एक टीप लिहून ठेवली होती. यंत्र अशा टिपा वाचत नाही, पुढे काम करायला येणाऱ्या माणसांसाठी त्या असतात. ‘हा शब्द चुकलेला नाही. आमच्याकडे निघताना असंच म्हणतात. कृपया बदलू नये.’ काही वर्षांनी सहज उघडून पाहिलं, तर एस्पेन ते काम सोडून गेला होता, अ‍ॅपचं रूप ओळखू येत नव्हतं, पण टीप होती. तिच्याखाली कोणीतरी एक ओळ वाढवली होती: ‘बंगालीतही हेच. निघताना आम्ही आशि म्हणतो, म्हणजे येतो.’ त्याच्याखाली केरळच्या कोणाचं तरी: ‘आमच्याकडेसुद्धा.’ मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिने विचारलं, ‘त्यांची मानसं पन समुद्रावर असतात काय?’ मी असतात म्हटलं. ‘मंग बरोबर हाय,’ ती म्हणाली आणि उन्हात पाय पसरून बसली.

आत्या गेली ती घरातच, तिच्या खाटेवर, एका ऐन दुपारी. आम्ही तिघंही जवळ होतो. बाबांची होडी तेव्हा विकून झाली होती. सकाळपासून तिला शुद्ध नव्हती, मग एकाएकी आली, आणि तिने एकेकाकडे नीट बघून घेतलं. ‘जातंय हां मी,’ ती म्हणाली.

आम्हाला वाटलं, जीभ वळत नसेल. आई तिच्या कानाशी वाकली. ‘वन्सं, येते म्हना.’

आत्याने मान हलवली. ‘नको,’ ती म्हणाली. ‘तुमी कोनी वाट बघू नका.’